अख्ख्या शेडसमोर

४ फेब्रुवारी

दादा,

तू फोन कापतोस म्हणून पत्र लिहितेय. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायला दोन्ही हात लागतात, आणि माझ्यासाठी एवढे कष्ट तू घेणार नाहीस याची मला खात्री आहे.

तर, तुझं म्हणणं मान्य. तुझ्या शहरातल्या वृद्धाश्रमात तू बाबांसाठी खोली ठरवलीस, मार्चच्या मध्याला ती मोकळी होते आणि तू स्वतः त्यांना न्यायला येणार आहेस. स्वतः! इतक्या वर्षांनी! ते वाचून मी खुर्चीतच बसले. मान्य, सगळं मान्य. मी थकले रे.

गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं, आता ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात, आवाज कायमचा गेला, हे तुला डॉक्टरांनी कळवलं आहेच. डॉक्टरांनी कळवलं नाही ते मी सांगते. आमच्या आठव्या मजल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना एक पुठ्ठा दिला. त्यावर चित्रं: पाण्याचा पेला, ताट, पलंग, संडास. हवं त्यावर बोट ठेवायचं. ज्या माणसाने गिरणीत जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नक्कल करून अख्खी शेड हसवली, त्याला बोलायला चार चित्रं! बाबांनी तो पुठ्ठा खिडकीतून भिरकावला. खाली वॉचमनच्या डोक्यात बसला. माफी मागायला अर्थात मीच गेले.

परवा समोरच्या इमारतीतल्या एक बाई कपडे वाळत घालत होत्या. बाबांनी आपल्या पद्धतीने हातांनी विचारलं, ‘ऊन येतं का तुमच्याकडे?’ बाईंनी सिक्युरिटीला बोलावलं. त्यानंतर बाबांनी हात पांघरुणाच्या आत घेतले ते घेतलेच.

मला कळतं त्यांचं. पण मी दिवसभर ऑफिसात, विमा कंपनीच्या फोनवर, आणि संध्याकाळी येते ती मेल्यासारखी. मुलांना मी ती बोली कधी शिकवलीच नाही. काय सांगणार होते? की तुमच्या आईच्या गावात कापडाची गिरणी होती, मागांच्या दणदणाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, म्हणून लोक हातांनी आणि ओठांनी बोलायचे आणि घरी आले तरी तसेच बोलायचे, भाजीवाल्याशीसुद्धा? मी तर लोकांना आपल्या गावाचं नावही सांगत नाही. शेजारच्या मोठ्या शहराचं सांगते.

शनिवारी बाबांना घेऊन गावी जातेय. त्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या, सामान वाटून टाकायचं. मग तू तिथेच ये आणि त्यांना घेऊन जा. तोवर त्या गावाला मी कसंबसं सहन करीन.

हात दुखला. पुरे.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

दादा,

गाव आहे तसंच आहे. बकाल. गिरणीच्या चिमणीवर झाड उगवलंय. आपल्या जिन्याची तिसरी पायरी अजून हलते आणि अजून कुणी दुरुस्त केलेली नाही. पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि तू हसशील.

बसमधून उतरलो. मी बॅगा मोजतेय, बाबा बाजूला उभे, मफलरने गळा झाकलेला, खांदे पडलेले. रस्त्यापलीकडे सलून. सलूनवाले काका एकाच्या गालाला फेस लावत होते. त्यांनी वर पाहिलं, ब्रश तसाच गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि दारात येऊन दोन्ही हातांनी विचारलं, ‘अरे, मेलास म्हणून ऐकलं होतं?’

मी बाबांकडे पाहिलं. खिशातला एक हात हळूच बाहेर आला. मग दुसरा आला. ‘तुझ्या हातून मान कापून घ्यायची राहिली होती. म्हणून थांबलोय.’

आणि मग दादा, जे सुरू झालं! भर रस्त्यात! मधून टेम्पो जातायत, आमच्याच बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हे दोघे म्हातारे एकमेकांना आजारपणं सांगतायत. बाबांनी ऑपरेशनची अख्खी गोष्ट सांगितली, सर्जनच्या चालण्याच्या नकलेसकट. फेस लावलेलं गिऱ्हाईक दारात येऊन हसत होतं. इतके महिने माझ्या घरात दगडासारखा पडलेला माणूस! मी बॅगा धरून उभी आणि डोळ्यांना ही धार. एक बाई मला म्हणाली, ‘काय झालं हो, पाकीट मारलं का?’

खोल्यांचं दार उघडायच्या आत शेजारची मावशी हजर. आईच्या शेजारचा माग चालवायची ती, आठवते ना? तोंडाने फटकळ आणि हातांनी त्याहून फटकळ. बाबांचा गळा पाहिला, एकदाच डोळे पुसले आणि हातांनी म्हणाली, ‘बरं झालं. तुझा आवाज तसाही भसाडाच होता.’ बाबा खांदे हलवून हसले. आवाज नाही, पण हसूच ते.

आता ऐकून घे, रागावू नकोस. सलूनवाल्या काकांनी तुझी चौकशी केली. तुझ्या नावाची खूण इथे अजून चालते, हनुवटीखाली दोन बोटं. लहानपणी हट्टाला पेटलास की मान वर करायचास म्हणून बाबांनीच ठेवलेली. काकांनी ती केली आणि बाबांचे हात थबकले. मग त्यांनी खांद्यावरून मागे अंगठा उडवला. ‘तो? असेल तिकडे.’ तू गेल्यापासून त्यांनी तुझी खूण एकदाही केलेली नाही. इथे सगळ्यांना हे ठाऊक आहे. मला वाटायचं, मला एकटीलाच ठाऊक आहे.

खोकी भरतेय. मी एक भरते, बाबा दुसरं उपसतात.

तुझी धाकटी

२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तारसुद्धा याहून लांब असायची. ‘भावनेच्या भरात निर्णय नको. ते पडले, गुदमरले, तर ओरडता येणार नाही. कोणाला कळणार? सोळा तारखेला येतोय, तयार ठेव.’ तयार ठेव म्हणे! बाबा काय पार्सल आहेत?

पण तुझा प्रश्न खोटा नाही. मलाही तोच घोर आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की मी धावत जाते. म्हणून मी खोकी भरायचं थांबवलेलं नाही. अर्ध्यावर ठेवलंय एवढंच. ऑफिसातून सुट्टी वाढवून घेतली. साहेब म्हणाले, ‘आणखी किती?’ मी म्हटलं, ‘बघू.’ ‘बघू’ हा शब्द साहेबांना उद्देशून मी जन्मात पहिल्यांदा वापरला.

तुला एक सांगू? मी या गावाला नावं ठेवायला आले होते आणि मला नावंच सापडेनाशी झालीयेत. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, दणदणाट गेला, पण कुणी हात खाली ठेवले नाहीत. शाळेतल्या पोरी या गच्चीवरून त्या गच्चीवर परीक्षेच्या पेपरवर बोलतात. बँकेतला कॅशिअर काचेआडून हातांनी बोलतो, त्याला काचेतल्या भोकाशी तोंड न्यावं लागत नाही. दिवसा इथे कुणी खिडकीचा पडदा ओढत नाही, कारण पडदा ओढला म्हणजे तोंड मिटलं. सकाळी कुणाचा पडदा उघडला नाही तर शेजारी दार ठोठावतात. परवा मी उशिरा उठले तर मावशी थेट पांघरूण ओढायला आली. मी चिडले. ती म्हणाली, ‘मेलीस का बघायला आले होते, चहा पाजायला नाही.’ मग चहाही पाजला.

शहरात मी फोनवर बोलताना हात हलवते म्हणून मला भिंतीकडे तोंड करून बसवलंय. ‘बाकीच्यांचं लक्ष जातं’ म्हणे. मी हसून मान्य केलं होतं. आज मला त्याचा राग येतोय. फार उशिरा येतोय, पण अगदी नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलाय.

बाबा? सलूनच्या बाकावर रोज सकाळी कचेरी भरते. सगळ्यांच्या भानगडी त्यांना ठाऊक. आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतात.

मला ठाऊक आहे तुला ही बोली का नकोशी आहे. मी त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन शेडच्या दारात उभी होते. तू म्हणालास, गिरणीला भविष्य नाही, मी जातो. आणि बाबांनी माग बंद केला नाही. लांबूनच, अख्ख्या शेडसमोर, दोन्ही हात डोक्यावर नेऊन म्हणाले, ‘जा. परत येऊ नकोस.’ तोंडाने म्हणाले असते तर त्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नसतं. हातांनी म्हणाले, म्हणून शेवटच्या मागापर्यंत सगळ्यांनी वाचलं. तुझा चेहरा मी विसरले नाही. त्यांचाही नाही, तो तुला तेवढ्या अंतरावरून दिसला नसेल.

ये सोळाला. मी भांडणार नाही. मी भांडकुदळ आहे, पण थकलेली भांडकुदळ आहे.

धाकटी

४ मार्च

दादा,

आधी सांगते, बाबा ठीक आहेत. आता बसून वाच.

आज सकाळी मी पोस्टात गेले होते. बाबा सलूनच्या बाहेर, बाकावर एकटेच. काका आत, रस्त्याकडे पाठ करून, एकाची दाढी करतायत. बाबांच्या गळ्याच्या भोकात कफ अडकला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. तू म्हणाला होतास तेच झालं, अक्षरशः तेच. ओरडता येईना. उठायला गेले तर उठवेना.

बाबांनी काय करावं? पाठमोऱ्या माणसाला हातांनी हाक कशी मारणार? त्यांनी आरशाकडे पाहून हात वर केले. दोन्ही मुठी आपटून एकदम उघडल्या. शेडमधली ती खूण तुला आठवत असेल, ‘माग थांबवा, माणूस अडकलाय.’ काकांनी आरशात ती पाहिली. त्यांचा वस्तरा तिथेच थांबला, आणि ते गिऱ्हाईक काकांच्या आधी धावत सुटलं, म्हणजे बघ. काकांनी दारातूनच चौकात तीच खूण टाकली. चौकातून चहावाल्याने औषधाच्या दुकानाकडे. दुकानदाराची सून नर्स आहे, ती तिच्या घराच्या खिडकीत होती. एक शब्द कुणी उच्चारला नाही दादा! ती पोर अनवाणी पळत आली, सलाइनचे थेंब सोडले, नळीने कफ ओढून काढला. बाबांच्या ओठांचा निळा रंग गेला.

मी पोस्टातून परतले तर चौकात गर्दी. कुणीतरी मला लांबूनच हातांनी सांगितलं, ‘ठीक आहे, ठीक आहे, पळू नकोस.’ मी तरीही पळाले. बाबा बाकावर बसलेले, त्या अर्धवट दाढीवाल्याची चेष्टा करत होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मी त्यांना इतकं झापलं की मावशीने मला आवरलं.

माझ्या आठव्या मजल्यावर हे झालं असतं तर? तुझ्या त्या वृद्धाश्रमात, जिथे दाराशी घंटीचं बटण आहे म्हणतोस? आरशातून कुणी वाचलं असतं का तिथे? मला आज या गावाचा एवढा अभिमान वाटतोय की ऊर फुटेल. मला कुणी विचारलं ना, कुठची तू, तर मी नाव सांगणार. ओरडून सांगणार. हातांनीही सांगणार.

खोकी उघडली. भांडी मांडली. तू सोळाला आलास तर ये, पण बाबांना मी खाली आणणार नाही. आणायचे तर तू आण.

धाकटी

१९ मार्च

दादा,

तू परवा इथून गेलास आणि मी आज लिहितेय. काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. तू गल्लीत उभा राहून वर बघत होतास. तुझ्या मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि ते न लिहिता मला झोप येणार नाही.

भाड्याच्या गाडीतून उतरलास, कोटबीट घालून. हात खिशात. मी जिन्यातच उभी होते. तू तोंडाने हाक मारलीस, ‘बाबा, चला, उशीर होतोय.’ बाबांनी खिडकीतून कानाला हात लावला. ऐकू येत नाही म्हणून! सोंग बघ म्हाताऱ्याचं! त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत, डब्याचं झाकण उघडलं तरी दोन खोल्यांपलीकडून उठून येतात. तू आणखी मोठ्याने म्हणालास. त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. एव्हाना गल्लीतली एक-एक खिडकी भरत होती. समोरच्या गच्चीवर सलूनवाले काका, गळ्यात कापड बांधलेल्या गिऱ्हाइकासह. मावशी तुझ्या पाठीमागच्या ओट्यावर, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून. ती कधी हात धरून बसत नाही.

आणि तुझे हात खिशातून निघाले. आधी नवशिक्यासारखे: ‘गाडी. थांबलीय.’ मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मावशीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबा: ‘थांबू दे.’ तू: ‘इथे कोण बघणार तुम्हाला?’ बाबांनी तुझ्या मागे बोट दाखवलं. तू वळला नाहीस. वळायला हवं होतंस दादा. अख्खी गल्ली हात वर करून उभी होती.

मग मात्र तुझे हात सुटले. काय वेग! गंज एका दमात झडला. ‘तुम्हीच म्हणालात परत येऊ नकोस. अख्ख्या शेडसमोर. मी पोर होतो.’ हे वाचून गल्लीतले सगळे हात खाली आले. त्यातले निम्मे त्या दिवशी शेडमध्ये होते. सलूनवाल्या काकांनी मान खाली घातली, जणू तेच म्हणाले होते.

बाबांचा एक हात पडद्याकडे गेला. मला वाटलं, पडदा ओढतायत की काय. पण त्यांनी मफलर काढला, खिडकीबाहेर कमरेपर्यंत वाकले आणि गल्लीच्या शेवटच्या घरालाही दिसेल असे हात उंच केले. ‘ते चुकीचं विणलं.’ आणि मग ती खूण, चुकलेल्या कापडातून एकेक धागा मागे ओढून काढायची. ‘उसवतो. सगळ्यांसमोर विणलं, सगळ्यांसमोर उसवतो.’ ते ओढत राहिले, धागा धागा. मग म्हणाले, ‘गिरणी बंद पडली. तुझं बरोबर होतं.’

तू गाडीच्या बॉनेटवर मटकन बसलास आणि कोटाच्या बाहीत तोंड घातलंस. तेवढं तुला आठवत असेल. आता तुझ्या मागचं ऐक. मावशी, जी आई गेली तेव्हाही रडली नव्हती, ती ओट्यावर ढसाढसा रडत होती आणि रडता रडता खालच्या मजल्यावरच्या आंधळ्या आजोबांना तोंडाने सगळं सांगत होती. काका दोन्ही हात हवेत हलवत होते, शेडमध्ये पाळी सुटली की हलवायचे तसे. मग पलीकडची खिडकी, मग त्यापलीकडची. गल्लीभर हात नुसते हलत होते आणि आवाज म्हणशील तर तुझ्या ड्रायव्हरचा एकट्याचा, ‘साहेब, निघायचं ना?’ बिचारा.

तू त्याला परत पाठवलंस. हलणारी पायरी ठोकून दुरुस्त केलीस, वाकडी बसली, पण बसली. वृद्धाश्रमाला फोन करून नाही म्हणालास, आणि फोनवर बोलताना तुझा मोकळा हात हलत होता. मी पाहिलं. मी काही बोलले नाही, मलाही थोडी अक्कल आहे.

माझं म्हणशील तर सोमवारी मी परत जातेय. बाबांना मावशीवर, काकांवर, त्या नर्स पोरीवर आणि या खिडक्यांवर सोपवून, निर्धास्त. सुट्टी लागली की मुलांना इकडे आणून टाकणार, आजोबांशी नीट भांडता येईपर्यंत परत नेणार नाही. आणि ऑफिसात खुर्ची फिरवून घेणार. लक्ष जातं तर जाऊ दे.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र. परवा तुझी बस सुटली, तू काचेआडून हातांनी विचारलंस, ‘जेवून घ्याल ना?’ बाबांनी ‘हो’ म्हटलं आणि बस वळणावर गेली. तेवढंच तू पाहिलंस. चहावाला तू गेल्यावर गावात आलेला, तुला चेहऱ्याने ओळखत नाही. त्याने बाबांना खुणेने विचारलं, ‘कोण आलं होतं?’

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बाबांचा अंगठा खांद्यावर गेला नाही. त्यांनी मान वर केली आणि हनुवटीखाली दोन बोटं ठेवली.

चहावाल्याला कळलं होतं रे, पण बाबांना पुरेना. त्यांनी ती खूण सलूनकडे केली, औषधाच्या दुकानाकडे केली, पोस्टाच्या खिडकीकडे केली, उभ्या असलेल्या दुसऱ्याच बसच्या ड्रायव्हरकडे केली. मग माझा हात धरून घरी आले आणि पोटभर जेवले.

तुझी धाकटी